सरकारवर भरवसा नसलेला माणूस

आमच्या रेडिओवर राजकारण बोलायला बंदी होती. ही बंदी कायद्याचीच. गावपातळीच्या छोट्या रेडिओला परवाना देताना सरकार बजावून सांगतं की शेती बोला, आरोग्य बोला, भजनं लावा, पण राजकारणाच्या वाटेला जाऊ नका. आणि अशा रेडिओवर सकाळच्या गप्पांना आम्ही कुणाला बसवलं होतं, तर अंबादास अप्पांना. लोण्याच्या राखणीला बोका बसवल्यातला प्रकार.

सिरसाळ्यापासून थोडं आत, एका संस्थेच्या शाळेमागच्या दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. एका खोलीत माइक आणि अप्पा, मधे काच, आणि काचेच्या अलीकडे यंत्रापाशी मी. आमचा आवाज आसपासच्या गावांपलीकडे जात नसे. पण जात असे तिथं तो चुलीपर्यंत जायचा. अप्पांचं शिक्षण जेमतेम. घरची शेती, गावात पिठाची गिरणी, डोक्याला पटका आणि गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून खणखणीत झालेला गळा. संस्थेच्या सचिवांनी तो गळा गिरणीतच हेरला होता. त्या गळ्याला मतंही आहेत, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"राम राम मंडळी. उठलात का? उठा. सरकार काय तुमाला उठवाया येनार न्हाई."

रोजची सुरुवात ही. इथपर्यंत ठीक होतं. मग पाऊसपाणी, बाजारभाव, आणि तिथून अप्पांची गाडी हळूच रुळावरून उतरायची. सचिवांचा मला हुकूम होता की अप्पा घसरले की गाणं लावायचं. त्यामुळे अप्पा बोलता बोलता "आता ही जी फुकट वाटनी चाललीय" म्हणाले की माझा हात यंत्रावर जायचा आणि देशाच्या अर्थकारणावर टाळमृदंग वाजू लागायचा. श्रोत्यांनाही हे कळलं होतं. बाजारात लोक मला म्हणायचे, "ताई, आज गानं लई लवकर लागलं. काय म्हनत होते अप्पा?"

अप्पा गाण्याला भीत नसत. ते तसेच बोलत राहायचे, फक्त आता माइकऐवजी काचेकडे, म्हणजे माझ्याकडे तोंड करून. गावाला अर्धे अप्पा ऐकायला मिळाले. उरलेले सगळे माझ्या वाट्याला आले.

"सरकारनं रस्ता करावा, पानी द्यावं, चोर धरावा. बाकीचं आमचं आमी बघू," हा त्यांचा पाया. त्यावर सगळी इमारत. देश म्हणजे विहीर. झरा बघून उपसा करायचा, मोटारीचा जोर बघून नाही. फुकटचं धान्य खाल्लं की हात मऊ पडतात. कर्ज माफ करणारा आणि करून घेणारा, दोघंही एकमेकांच्या नजरेतून उतरतात. सरकारी नोकरीसाठी पोरं शहरात खोल्या करून वर्षानुवर्षं पुस्तकं घोकत बसतात, त्यांच्यापेक्षा बैल बरा, निदान संध्याकाळी घरी येतो. बायकांच्या खात्यावर सरकार पैसे टाकू लागलं तेव्हा तर अप्पा काचेवर टिचकी मारून म्हणाले, "बाईला पैसे सरकार देनार, मग नवरा काय करनार?"

"नवरा पारावर बसून तुमचा कार्यक्रम ऐकतोय," मी म्हणाले.

ते हसले, पण मत काही हललं नाही. मला त्यांचा राग यायचा. माझ्या बायकांच्या कार्यक्रमात मासिक पाळीवर डॉक्टरीण बोलायला आली, तेव्हा हे पटका सावरत बाहेर गेले आणि ती जाईपर्यंत लिंबाखाली उभे राहिले. असल्या गोष्टी रेडिओवर बोलल्या की घरातली लाज जाते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, लाज जात नाही, आजार जातो. तर म्हणे, "तू लई शिकलीस पोरी, तुझ्यासंगं कोन बोलावं!"

आणि ते चुकायचेही. सोयाबीन विकू नका, धरून ठेवा, भाव चढणार, असं एका हंगामात त्यांनी ठासून सांगितलं. भाव बसला तो उठलाच नाही. एका श्रोत्याने फोन करून झाडलं, "अप्पा, तुमचं ऐकलं अन् मातीत गेलो."

"मी न्हाई चुकलो, भाव चुकला," अप्पा म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घरात सोयाबीनची पोती छतापर्यंत लागली होती, त्यावर उंदीर लग्नं लावत होते. पण चूक कबूल करणं रक्तातच नव्हतं.

एसटीत म्हाताऱ्या माणसांना सवलत आहे. अप्पा ती घेत नसत. एकदा मी त्याच गाडीत होते. कंडक्टर बिचारा भला माणूस. म्हणाला, "अप्पा, आधार कार्ड दावा, अर्धं तिकीट देतो."

"मी अर्धा दिसतो का तुला?"

"तसं न्हाई अप्पा, सरकारनंच दिलंय."

"सरकारनं कुटून दिलं बे? ह्या समद्या बसलेल्या लोकांच्या खिशातून दिलं. पुरा बसलोय, पुरं तिकीट फाड." शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ अर्धं तिकीट घेऊन बसले होते, त्यांनी ते तिकीट हळूच टोपीत सरकवलं. गाडी हसली. अप्पा हसले नाहीत.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की हा एक हेकट, जुन्या वळणाचा म्हातारा, असे गावोगाव असतात. मलाही तसंच वाटत होतं. एका लग्नाने मला मत बदलायला लावलं.

जवळच्या वस्तीवर एका ऊसतोड कुटुंबात मुलीचं लग्न ठरलं. पोर आठवी-नववीतली. कारखाने सुरू व्हायच्या आत हात पिवळे करून टाकायचे, म्हणजे जोडीने कोयता लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादम आगाऊ पैसे देतो ते अशा जोडीला, हा तिथला हिशेब. मी संतापून अप्पांना म्हणाले, यावर कार्यक्रम करते, कायदा सांगते, तक्रारीचा नंबर देते. अप्पा उखडले. "सरकारनं आमच्या मांडवात यायचं न्हाई! पोलिस आला तर बाप आज थांबल अन् पुढल्या आठवड्यात दुसऱ्या गावात नेऊन लावल." मी म्हणाले, मग काय हातावर हात ठेवून बसायचं?

दुसऱ्या दिवशी ते त्या वस्तीवर गेले आणि मुलीच्या बापाच्या दारात बाजेवर बसले. पाणी आलं, घेतलं नाही. चहा आला, घेतला नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्या पाहुण्याने दारात येऊन पाणी नाकारणं म्हणजे घराच्या तोंडाला काळं. बाप हाता-पाया पडू लागला. अप्पा म्हणाले, "माझं काय म्हननं न्हाई. पोरगी तुझी, हक्क तुझा. मी आपला बसलोय." ऊन डोक्यावर आलं. वस्तीवरच्या बायका गोळा झाल्या. दुपार कलली तेव्हा बापाने सोयऱ्यांना फोन लावून लग्न पुढं ढकललं, पोरीला आजीपाशी ठेवून शाळा पुरी करू द्यायची म्हणून सांगितलं. मगच अप्पांनी तांब्या तोंडाला लावला.

"सरकार नको म्हनलं म्हंजी झालं का?" मला ते नंतर म्हणाले. "मग ते काम आपन कराया लागतंय. लोकच करतेत. आजवर लोकांनीच केलंय."

तेव्हा मला कळलं की हा माणूस सरकारवर भरवसा ठेवत नाही, कारण त्याचा सगळा भरवसा लोकांवर आहे. चार माणसांच्या शब्दावर, सोयऱ्या-धायऱ्यांवर, कुणाच्या दारात कधी जायचं याच्या रीतीवर. सरकारं येतील-जातील, पण रीत मोडणार नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती. मला ती खात्री कधी पूर्ण पटली नाही, पण हेवा मात्र वाटायचा.

त्यांच्या कार्यक्रमाचा शेवट मयतीच्या बातमीने होई. परिसरात कोण गेलं, माती कधी, सावडायचं कधी. हे त्यांनीच सुरू केलं होतं, आणि याला गाणं लावायची माझी काय, सचिवांचीही छाती नव्हती. "भाव मागून. आधी मानूस," ते म्हणत. मेलेल्याच्या घरी ते स्वतः फोन करायचे आणि माणसाबद्दल एखादी चांगली गोष्ट विचारून घ्यायचे. मग रेडिओवर सांगायचे: किसन, बापाचं नाव मारुती, अमक्या गावचे, यांच्या हातची विहीर कधी ढासळली नाही. गोदाबाई, तमक्या वाडीच्या, यांनी पोटच्या लेकरांसंगं दिराचीही लेकरं वाढवली. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव. आडनाव ते कधीच सांगत नसत. "मातीला आडनाव कशाला लागतंय?" म्हणायचे. आणि शेवटी दरवेळी एकच वाक्य: "भांडन असलं तर घरी ठिवा, अन् मयतीला जा."

लोक जायचे. बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊ एकमेकांच्या घरच्या मयतीला जायचे, शेजारी बसायचे आणि पुन्हा तारखेला उभे राहायचे. ही आमच्या भागाची रीतच होती.

मग तो वाईट काळ आला. आरक्षणाचं भांडण पेटलं, त्यात निवडणूक आली. कोण बरोबर, कोण चूक, ते मी इथं लिहीत नाही. दोन्हीकडे माझी माणसं आहेत आणि दोन्हीकडे मी शिव्या खाल्ल्या आहेत. झालं एवढंच की गावं दुभंगली. आपल्या माणसाच्याच दुकानात जायचं, आपल्याच माणसाच्या गाडीत बसायचं, आपल्याच माणसाकडून दाढी करायची. नाव सांगितलं की समोरचा थांबायचा, आडनाव येईपर्यंत. मी कुठल्या बाजूची हे अप्पांनी मला कधी विचारलं नव्हतं. त्यांना माहीत होतंच. इथं सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

अप्पांना सुरुवातीला काळजी नव्हती. "हे पुढाऱ्यांचं हाय. निवडनूक झाली की बसल खाली. लोकं तशी न्हाईत."

निवडणूक झाली. खाली काही बसलं नाही.

एके सकाळी कार्यक्रम संपता संपता फोन आला. चांगला ओळखीचा श्रोता, रोज ऐकणारा. आवाजात राग नव्हता, उलट अजिजी होती.

"अप्पा, एक विनंती हाय. मयत सांगताना आडनाव सांगत जा."

"कावून?"

"परवा तुमी रामभाऊचे बाबासाहेब गेले म्हनलात. मला वाटलं बहिनीच्या सासरकडचे. गेलतो तिकडं. बसल्यावर कळलं, हे तर तिकडचे निघाले. उठताही येईना, बसताही येईना. गावात आलो तर पोरं म्हनतेत, तुमी त्यांच्या मयतीला कसं काय गेलते? आडनाव सांगा अप्पा. चुकीच्या मयतीला मानूस जातंय."

अप्पा माइकसमोर होते आणि माइक चालू होता. हे सगळं गावागावांत ऐकू गेलं.

"चुकीची मयत," ते म्हणाले. "मयत कधी चुकीची असती का रे बाबा?"

"आता तसं म्हनून कसं चालंल," तो माणूस नम्रपणे म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तशा फोनांची रीघ लागली. इकडच्यांचे आले, तिकडच्यांचे आले. एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. सचिवांनी अप्पांना बोलावून सांगितलं की लोकांची मागणी आहे तर आडनाव सांगायला काय हरकत आहे. अप्पा म्हणाले, "मी सांगनार न्हाई. दुसरा मानूस बघा." दुसरा माणूस मिळत नव्हता, म्हणून ते दिवस तसेच गेले. अप्पांनी सरकारवर बोलणं मात्र सोडलं. माझा हात यंत्रावर नुसता पडून राहायचा. त्यांना आता एकच ध्यास लागला होता: ही एक रीत राहिली पाहिजे, बाकी गेलं तर जाऊ दे.

आणि महादू नाना गेले.

नाना म्हणजे अप्पांचे बांधशेजारी आणि जन्माचे सोबती. दोघांची सावड होती. याचा बैल आणि त्याचा बैल मिळून दोघांची रानं नांगरायचे. पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले, तरी दोघं रोज संध्याकाळी बांधावर बसायचे. नाना तिकडचे. नाना सरकारी योजनांचे मोठे भोक्ते, एकही सोडत नसत, आणि त्यावरून अप्पा त्यांना शिव्या घालत. नाना म्हणायचे, "आंब्या, तू घेत न्हाईस म्हनून तर माझ्यापत्तोर येतंय."

अप्पांनी सकाळी स्वतः ती बातमी सांगितली. "महादू, बापाचं नाव तुकाराम. माझ्या बांधाचे. ह्या मानसानं एकदाबी माझा बांध कोरला न्हाई." मग ते म्हणाले, "समद्यांनी या. मी चाललोय. मी वाट बघतो तुमची."

मीही नानांच्या घरी गेले, बायकांत बसले. अंगणात तिरडी बांधून झाली होती. माणसं होती, पण सगळी एकाच बाजूची. अप्पांच्या भावकीतलं कुणीही आलं नव्हतं. अप्पा एकटे पटका काढून उभे होते, आणि त्यांच्याभोवती जागा मोकळी राहिली होती. काही तरुण पोरं भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होती. तिरडी उचलायची वेळ झाली, तसे अप्पा खांदा द्यायला पुढं झाले. पोरांत कुजबुज झाली. एकजण मोठ्याने म्हणाला, "आपली मानसं हायत की खांद्याला."

नानांचा मुलगा विष्णू हातात मडकं धरून पुढं उभा होता. अप्पांनी याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. तो वळून अप्पांपाशी आला. रडून त्याचे डोळे सुजले होते. अगदी हळू म्हणाला, पण मी दारातच होते, मला ऐकू आलं.

"अप्पा, तुमी घरी जा."

"विष्णू, मी—"

"मला समदं कळतंय अप्पा. पर माझी लेकरं हितंच राहायचीत. तुमी जा."

त्याने हात जोडले. मडकं हातात असल्यामुळे नीट जोडताही येईनात. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पटका न बांधताच वाटेला लागले. विष्णूचा मला राग आला नाही. राग यावा असा कुणी एक माणूस तिथं नव्हता, हेच मला सोसेना.

नानांना त्यांच्याच शेतात अग्नी दिला. अप्पा बांधाच्या अलीकडे, आपल्या रानात बसून बघत होते, असं लोकांनी सांगितलं. पलीकडच्यांनी त्यांना हटकलं नाही. तेवढी रीत शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी अप्पा वेळेवर आले. राम राम घातला. उठा म्हणाले नाहीत. पाऊसपाणी, भाव सगळं सांगितलं, आणि मग मयतीच्या बातम्यांवर आले. त्या दिवशी दोन होत्या. त्यांनी नावं सांगितली, बापाची नावं सांगितली आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात आडनावं सांगितली. माणसाबद्दल चांगली गोष्ट सांगितली नाही. भांडण घरी ठेवा, असंही म्हणाले नाहीत.

गाणं लावून मी खाडकन दार उघडून आत गेले. "अप्पा, तुम्ही हे काय केलंत?"

"कुनाला तरी पाठवायचं अन् त्याला दारातून परत लावायचं, हे पाप कावून घिऊ?" ते म्हणाले. "लोकं म्हनतेत तसं. मी आजवर हेच सांगत आलो ना, की लोकांचं ऐकावं?"

तेवढ्यात फोन वाजला. तोच, आडनाव सांगा म्हणणारा पहिला श्रोता.

"अप्पा, लई उपकार झाले बघा. आता लई सोय झाली."

"बरं बाबा," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. त्या आठवड्यानंतर ते रेडिओवर आले नाहीत. मयतीच्या बातम्या आता मी वाचते. आडनावासह वाचते. पहिल्या दिवशी अडखळले, आता अडखळत नाही, आणि ते मला आवडत नाही.

परवा सिरसाळ्याच्या बाजारात अप्पा दिसले. भाजीच्या पालांच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर पिशवी घेऊन बसले होते. खूप वाळले होते. मी शेजारी बसले. त्यांना खुलवायला म्हटलं, "काय अप्पा, सरकारचं काय म्हणता? नवीन योजना ऐकली का?"

मला वाटलं, आता तरी चिडतील. त्यांनी चिडावं, हेच मला हवं होतं.

अप्पा समोरच्या गर्दीकडे बघत होते. लोक भाव करत होते, ओळखीचा माणूस दिसला की हसत होते, आणि आपल्या-आपल्या माणसाच्या पालापाशी थांबत होते.

"सरकारचं काय," ते म्हणाले. "सरकार चांगलं हाय, पोरी."